दूध सोडलंस, आता बी-१२ धर

चि. सई,

अनेक आशीर्वाद.

तुझा फोन ठेवल्या ठेवल्या बाबांनी दोन प्रश्न विचारले. दुधाशिवाय हिची हाडं कशी राहणार, आणि हिला फूस कुणी लावली. दुसऱ्याचं उत्तर सोपं होतं, तुला फूस लावणं आजवर कुणाला जमलेलं नाही. पहिला प्रश्न मात्र रास्त आहे. त्याबद्दल पुढे लिहितेच.

व्हीगन का झालीस, म्हणजे दूध-अंड्यांसकट प्राण्यांकडून येणारं सगळं का सोडलंस, हे मी विचारणार नाही. गाय व्यायल्याशिवाय दूध देत नाही आणि त्या वासराचं पुढे काय होतं, हे तू सांगितलंस. त्यावर वाद घालायला माझ्याकडे मुद्दा नाही. मी स्वतः व्हीगन नाही आणि बहुधा होणारही नाही. पण आहारतज्ज्ञ म्हणून इतकी वर्षं या खुर्चीत बसून व्हीगन माणसं बरीच पाहिली. काही वर्षानुवर्षं ठणठणीत आहेत. काही पुन्हा भेटली तेव्हा सगळं सोडून मोकळी झाली होती, आणि या सोडणाऱ्यांत एक गोष्ट सारखी दिसायची. जिथे सैल राहायला हवं तिथे ती कमालीची कडक असत, आणि जिथे कडक राहायलाच हवं तिथे अगदी सैल. हे पत्र तेवढ्यासाठीच लिहितेय.

कडक राहायची जागा म्हणजे बी-१२. डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या सोबत्यांनी ब्रिटनमध्ये व्हीगन सोसायटी काढली ती नोव्हेंबर १९४४ मध्ये. बी-१२ हे जीवनसत्त्व वेगळं काढता आलं ते १९४८ मध्ये. म्हणजे त्या पहिल्या माणसांनी दूध-अंडी सोडली तेव्हा आपण नेमकं काय सोडतोय हे त्यांनाच काय, कुठल्याही शास्त्रज्ञाला ठाऊक नव्हतं. १९५० च्या दशकात डॉक्टरांनी अशा लोकांना तपासलं, तेव्हा काहींची जीभ हुळहुळत होती, काहींच्या हातापायांना मुंग्या येत होत्या, काहींची पाठ धरली होती. सगळ्यांना त्रास झाला असंही नाही. वॉटसन स्वतः ९५ वर्षांचा होऊन २००५ मध्ये गेला. पण त्याचं उदाहरण देऊन गोळी टाळणारे मला भेटलेत, म्हणून आधीच सांगून ठेवते. त्या लोकांकडे गोळी नव्हती, तुझ्याकडे आहे.

बी-१२ जिवाणू तयार करतात. प्राणी ते तयार करत नाहीत आणि वनस्पतीही नाहीत. प्राण्यांच्या शरीरात ते साठतं म्हणून मांस, दूध, अंड्यांतून आपल्याला मिळतं. पालेभाजी न धुता खाल्ली की मिळतं, स्पिरुलिना नावाच्या शेवाळाच्या भुकटीतून मिळतं, असं तुला कुणीतरी सांगेलच. स्पिरुलिनात असतं ते मुख्यतः बी-१२ सारखं दिसणारं, पण माणसाच्या शरीराला न वापरता येणारं संयुग. गंमत म्हणजे रक्ताच्या साध्या तपासणीत तेही मोजलं जाऊ शकतं, मग आकडा चांगला दिसतो आणि माणूस निर्धास्त होतो.

प्रौढ माणसाची दिवसाची गरज साधारण २.४ मायक्रोग्रॅम. मग गोळीवर १० किंवा थेट २,००० मायक्रोग्रॅम का लिहिलेलं असतं? कारण आतडं एका वेळी नेहमीच्या वाटेने जेमतेम दीड-दोन मायक्रोग्रॅम आत घेतं, आणि त्यावर जे उरतं त्यातलं फार तर १ टक्का झिरपतं. म्हणून हिशेब असा, की रोज १० मायक्रोग्रॅम घे, नाहीतर आठवड्यातून एकदाच २,००० घे. तू विसराळू आहेस. माझं मत आठवड्याच्या गोळीला. एक वार ठरव आणि मोबाइलमध्ये गजर लाव.

एक रिपोर्ट माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तिशीतला मुलगा, धावणारा, हिमोग्लोबिन उत्तम. पालेभाज्या, कडधान्यं भरपूर, म्हणजे फोलेटही (हेही ब गटातलंच जीवनसत्त्व) भरपूर. तक्रार एवढीच की रात्री तळपायांना मुंग्या येतात आणि अंधारात चालताना पाऊल कुठे पडतंय ते नीट कळत नाही. बी-१२ कमी पडलं की एरवी लाल पेशी मोठ्या होतात, रक्त कमी होतं आणि डॉक्टरांच्या लक्षात येतं. फोलेट मुबलक असलं की रक्ताची बाजू झाकली जाते. मज्जातंतूंचं नुकसान मात्र आत चालूच राहतं. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे या मुलाला 'मी तर गोळीशिवाय तीन वर्षं मस्त आहे' असं वाटत होतं. ते त्याचं म्हणणं खरंही होतं, साठा संपेपर्यंत. तो बराचसा सुधारला, पण मज्जातंतूंचं नुकसान फार दिवस राहिलं तर ते पूर्ण भरून येईलच असं नाही. म्हणून या एका बाबतीत तुझं काहीही ऐकणार नाही.

आता सैल राहायची जागा. फॉनॅलिटिक्स या संस्थेने २०१४ मध्ये अमेरिकेतल्या ११ हजारांहून जास्त लोकांना विचारलं होतं. शाकाहारी किंवा व्हीगन झालेल्यांपैकी ८४ टक्के लोकांनी पुढे ते सोडून दिलं होतं, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिकांनी वर्षाच्या आत. (दोन आठवड्यांची हौस असलेलेही त्यात धरलेत, त्यामुळे आकडा पाहून हाय खाऊ नकोस.) मला त्यातली कारणं जास्त बोलकी वाटतात. बऱ्याच जणांना चारचौघांत वेगळं पडणं नको झालं होतं. बऱ्याच जणांना सोवळं शंभर टक्के पाळणं झेपलं नव्हतं.

हे सोवळं हा शब्द मी मुद्दाम वापरला. पहिल्या काही महिन्यांत माणूस पाकिटं उलटी करून वाचायला लागतो. केसीन, व्हे हे दुधातलं. जिलेटिन हाडं-कातडीतलं. कारमाइन हा लाल रंग किड्यांपासून, शेलॅकची चकाकीही किड्यांच्याच लाखेपासून. वाचणं चांगलंच, चार-सहा महिन्यांत पाठ होतं आणि मग वेळही जात नाही. पण 'दुधाचे अंश असू शकतात' ही ओळ अ‍ॅलर्जीवाल्यांसाठी असते, तुझ्यासाठी नव्हे. त्याच कारखान्यात दुसरं काहीतरी बनतं एवढाच तिचा अर्थ. त्या ओळीपायी बिस्किटाचा पुडा फेकून कुठलीही गाय सुटत नाही. व्हीगन सोसायटीच्या स्वतःच्या व्याख्येतच 'शक्य आणि व्यवहार्य असेल तितकं' ही अट आहे. ती पळवाट म्हणून घातलेली नाही. तिच्याशिवाय हे कुणालाच जमणार नाही.

औषधांच्या बाबतीत तर ही अट डोळे झाकून वापर. कॅप्सूलचं वेष्टण बहुतेकदा जिलेटिनचं असतं, असंख्य गोळ्यांत लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर असते, रक्त गोठू नये म्हणून देतात ते हेपॅरिन डुकराच्या आतड्यापासून करतात. पर्याय आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचार. नसेल तर औषध घे आणि त्यावर अपराधी वाटून घेऊ नकोस. कपाटातल्या कातडी बुटांबद्दल तू विचारलं होतंस. झिजेपर्यंत वापर नाहीतर कुणाला दे, दोन्हींत मला फरक दिसत नाही. पुढचे बूट कसले घेतेस ते महत्त्वाचं.

आणि एखाद्या दिवशी भुकेपोटी, घाईत किंवा कुणाच्या घरी अवघडून तुझ्या पोटात लोणी गेलंच, तर दुसऱ्या दिवशी नेहमीचं जेव. 'मोडलंच आहे तर आता काय' हे वाक्य मी डाएट करणाऱ्यांकडून इतक्यांदा ऐकलंय की त्याचा मला धसका आहे. माणसं लोण्याने सोडत नाहीत, या वाक्याने सोडतात.

स्वयंपाकाचं थोडक्यात. रोज नवनव्या पाककृती शोधत बसू नकोस, त्याने तू महिनाभरात कंटाळशील. झोपेत करता येतील अशा सात-आठ गोष्टी पक्क्या कर आणि त्याच आलटून पालटून कर. कडधान्य एकदाच जास्त भिजव, शिजव, डबे भरून फ्रीझरमध्ये टाक. भिजवलेलं पाणी ओतून दे, त्याने गॅस कमी होतो. सुरुवातीला थोडं थोडं खा, पोटाला सवय व्हायला काही आठवडे लागतात. प्रथिनांची चौकशी तुला जो तो करेल. डाळी, कडधान्यं, सोयाबीन, टोफू (सोयाच्या दुधाचं पनीर) यांतलं काही ना काही रोज दोन्ही जेवणांत असेल तर त्याची चिंता नको. नव्या व्हीगन माणसांचं खरं दुखणं वेगळंच असतं, ती पोटभर खात नाहीत. भाज्या-फळांनी ताट भरलेलं दिसतं, पण त्यात उष्मांक कमी असतात. मग चार वाजता डोकं दुखतं, चिडचिड होते आणि खापर फुटतं व्हीगनपणावर. भात, बटाटा, शेंगदाणे, तीळ, तेल यांना भिऊ नकोस.

लोह तुझ्या बाबतीत जपायला हवं. पाळी येते तोवर बाईची लोहाची गरज पुरुषापेक्षा बरीच जास्त असते, आणि वनस्पतींतलं लोह शरीर कमी शोषतं. डाळ-उसळीवर लिंबू पिळ, नाहीतर सोबत पेरू, संत्रं, टोमॅटो काहीतरी असू दे. क जीवनसत्त्वाने शोषण चांगलंच वाढतं. चहा मात्र जेवणाला जोडून नको, तासभर मागेपुढे. तुझा चहा सोडवणं मला जमणार नाही, पण तासभर सरकवता येईल. आयोडिनसाठी साधं आयोडिनयुक्त मीठ वापर. महागडं समुद्री किंवा गुलाबी मीठ दिसायला छान असतं, पण त्यात आयोडिन नावापुरतंच.

आता बाबांचा प्रश्न. ऑक्सफर्डच्या एका अभ्यासात सुमारे ५५ हजार लोकांवर सरासरी १८ वर्षं लक्ष ठेवलं होतं. २०२० मध्ये निष्कर्ष छापून आले. मांसाहारी लोकांच्या तुलनेत व्हीगन लोकांत हाड मोडण्याचं प्रमाण ४३ टक्के जास्त, आणि खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त. यातला काही भाग कमी वजनाचा, काही कमी कॅल्शियम आणि कमी प्रथिनांचा. ते सगळं हिशेबात धरूनही थोडा फरक उरलाच. मी हे तुझ्यापासून लपवणार नाही, आणि यावरून तुला दूध प्यायलाही सांगणार नाही. टोफू घेताना तो कॅल्शियम सल्फेट घालून घट्ट केलेला आहे का ते पाकिटावर बघ. सोया किंवा ओटचं दूध कॅल्शियम घातलेलं घे आणि ओतण्याआधी डबा चांगला हलव, कारण कॅल्शियम तळाशी बसतं. तीळ खा. पालकातल्या कॅल्शियमवर विसंबू नकोस, त्यातल्या ऑक्झलेटमुळे बहुतेक सगळं वाया जातं. आणि वजनं उचल. नुसतं चालून हाडांना पुरेसा ताण मिळत नाही, आणि तू तर तेही करत नाहीस.

राहता राहिली माणसं. कुणाच्या घरी जेवायला जाणार असशील तर आदल्या दिवशीच सांग, आणि एक पदार्थ तू घेऊन जा, चौघांना पुरेल एवढा. जेवताना कुणी 'का?' असं विचारलं तर 'जेवण झाल्यावर सांगते' म्हण. हातात कोंबडीची तंगडी असलेल्या माणसाला तुझं उत्तर ऐकायचं नसतं. तुझ्यासारखी दोन-तीन माणसं शोध. वाद घालायला नव्हे. कुठल्या हॉटेलात काय मिळतं, कुठली गोळी चांगली, असं साधं बोलायला. घरी येशील तेव्हा तुझं पातेलं वेगळं ठेवायचं की नाही ते आधी सांग, मला दोन्ही चालेल. बाबांना एकदम काही पटवायला जाऊ नकोस. तुझा पुढच्या वर्षीचा रिपोर्ट त्यांना दाखव. ते कागदावरच्या आकड्यांवर विश्वास ठेवणारे गृहस्थ आहेत.

तुझी,
आई

ता.क. ड जीवनसत्त्व राहिलंच. बाजारातलं बहुतेक डी-३ मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून करतात, त्यामुळे नुसतं 'शाकाहारी' लिहिलेलं पाहून घेऊ नकोस. दगडफुलापासून केलेलं डी-३ मिळतं, नाहीतर डी-२ घे. ओमेगा-३ साठी रोज चमचाभर जवस दळून खा. अख्खं गिळलंस तर जसंच्या तसं बाहेर पडेल. जवसातल्या ओमेगाचं डीएचए, म्हणजे शरीराला थेट वापरता येणारं ओमेगा-३, शरीर फारच थोडं करतं, म्हणून जमलं तर शेवाळापासून काढलेलं तेलही घे. मासे ते शेवाळातूनच मिळवतात. बी-१२, हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि ड ची तपासणी या महिन्यात करून मला पाठव, म्हणजे पुढे तुलना करायला हाताशी काहीतरी राहील.