ट्रेलरला स्वतःचे ब्रेक आहेत, आई

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर मी 'ट्रेलर' म्हणाले आणि आई, तू एकदम गप्प झालीस. बाबांनी लगेच डोळ्यांच्या थेंबांचा विषय काढला. तुम्हा दोघांना काय आठवलं ते मला कळलं. काकांच्या ट्रॉलीबद्दल आपल्या घरात कोणी बोलत नाही, मीही बोलणार नाही. पण फोनवर जे जमलं नाही ते लिहून सांगते.

डिसेंबरात मी येत नाहीये. ठरवून झालंय, आणि तुम्हाला विचारायच्या आधी ठरवलं याचं मला वाईट वाटतंय. नवी नोकरी इथून साडेचारशे किलोमीटरवर आहे. माझी घोडी चांदणी आता सतरा वर्षांची झाली. घोडे पोचवणारे लोक मिळतात, चांगलेही असतात, पण ते वाटेत आणखी चार घोडे चढवत-उतरवत जातात आणि ती दोन दिवस अनोळखी घोड्यांमध्ये उभी राहणार. ते मला बघवणार नाही. म्हणून माझ्याच पिकअपने तिला नेतेय.

बाबा, तुम्ही विचारलंत ते बरोबर आहे. माझा ट्रक लाइट-ड्यूटी, म्हणजे इथे ज्याला हाफ-टन म्हणतात तो. जाहिरातीत तो ४२०० किलो ओढतो. मी त्या आकड्यावर विसंबले नाही. अमेरिकेत बऱ्याच कंपन्या हे आकडे एस.ए.ई. या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे २८०७ या मानकाने ठरवतात. त्यासाठी ॲरिझोनातला डेव्हिस धरणाचा लांब चढ धरतात, कसोटी कडक आहे. पण त्यात पुढे बसलेली दोन माणसं ६८-६८ किलोची धरतात, आणि ट्रकमध्ये सामान जवळजवळ नाहीच. घर हलवताना असं कुठे असतं?

खरा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. माझ्या ट्रकवर लिहिलंय, माणसं आणि सामान मिळून ७०५ किलोच्या वर नको. आणि ट्रेलरच्या दांड्याचा जो भार ट्रकच्या मागच्या बाजूवर येतो, तोही याच ७०५ मध्ये धरायचा. तिथेच लोक चुकतात.

आबांची बैलगाडी आठवते ना? भारा मागे जास्त झाला की गाडी उलाळ व्हायची, जू वर उचललं जायचं. पुढे जास्त झाला की बैलांच्या मानेवर. आबा मला वर बसवून म्हणायचे, "तू जरा पुढं सरक," आणि माझ्या एवढ्याशा वजनाने गाडी सावरायची असं मला कितीतरी वर्षं खरंच वाटत होतं. ट्रेलरचंही तेच. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढच्या दांड्यावर हवा. कमी झाला तर ट्रेलर मागे शेपटासारखा हलायला लागतो.

हिशेब तुमच्यासाठी किलोत मांडलाय, तपासा. रिकामा ट्रेलर १३०० किलो, चांदणी ५२०, गवत-पाणी-खोगीर १२०, एकूण १९४०. त्याचे १५ टक्के २९१. मी ६२, सोबत येणारी मैत्रीण ७०, ट्रकच्या मागच्या हौद्यावरचं झाकण ९०, जोडणीचं लोखंड ४५, सामान ८०. सगळं मिळून ६३८. म्हणजे ६७ किलो हाताशी राहतात. ट्रेलर दोन घोड्यांचा आहे, मैत्रीण म्हणाली तिचाही घोडा नेऊ. तो चढवला असता तर ७२५ झाले असते. मी नाही म्हटलं. तिला थोडं लागलं, पण तिने ऐकलं. वजनकाट्यावरही सगळं जोडून नेलं होतं, आकडे जुळले.

आणि आई, आता तुझ्यासाठी. त्या ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नव्हते. याला आहेत, चारही चाकांना, विजेवर चालणारे. त्यांचं बटण माझ्या उजव्या हाताशी आहे. मी ट्रकचा ब्रेक दाबला की ट्रेलर स्वतःही थांबतो, मागून ढकलत नाही. तो हेलकावे घ्यायला लागला तर ट्रकचा ब्रेक मारायचा नाही, ॲक्सिलरेटरवरून पाय काढून घ्यायचा आणि हाताने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. हे मी रिकाम्या ट्रेलरवर दहा वेळा करून पाहिलंय. समजा जोडणीच तुटली, तर एक तार ओढली जाते आणि ट्रेलर स्वतःच्या बॅटरीवर ब्रेक लावतो. खाली दोन साखळ्याही आहेत, फुलीसारख्या टाकलेल्या.

आतले रबरी गालिचे उचलून लाकडी फळ्या पेचकसाने टोचून पाहिल्या. घोड्याच्या मुताने फळ्या खालून कुजतात आणि वरून काही दिसत नाही. एक फळी मऊ लागली, ती बदलून घेतली. टायर जुने होते, नक्षी चांगली असूनही बदलले.

चांदणीला डाव्या बाजूला उभी करणार, कारण इथला रस्ता उजवीकडे उतरता असतो. दोरी सैल ठेवणार, म्हणजे तिला मान खाली घालता येईल. मान वर बांधून ठेवली तर धूळ छातीत बसते आणि घोडा आजारी पडतो. दर तीन तासांनी थांबून पाणी. मीही तेव्हा पाय मोकळे करीन, जेवून घेईन. रात्री गाडी चालवणार नाही. ताशी ९०च्या वर जाणार नाही. माझी झोप नीट होते, नव्या घरात उशी-पांघरूण सगळं आधीच पोचलंय, गरम पाणी येतं. काळजीसारखं काही नाही.

तुम्ही मात्र ऐका. बाबा, मोतिबिंदूचं ऑपरेशन माझ्यासाठी पुढे ढकलायचं नाही. दादा येईल, त्याच्याशी बोलणं झालंय. रक्तदाबाची गोळी सकाळीच घ्यायची, "आज बरं वाटतंय" म्हणून टाळायची नाही. आई, माळ्यावरचं काढायला स्टुलावर चढू नकोस. काय हवं ते दादाला सांग. मी मार्चमध्ये येते, तिकीट काढलंय, आणि आल्यावर पहिले दोन दिवस तुझ्या शेजारी नुसती झोपून राहणार आहे.

निघायचं शनिवारी, इथल्या सकाळी सहाला. तिला उतरवून, पाणी पाजून, चारी पाय हाताने चाचपून झाल्यावरच फोन करीन, म्हणून उशीर होईल. तुमच्याकडे तेव्हा पहाट असेल. फोन उशाशी ठेव, आणि बाबांना उठवू नकोस.

तुमची,
धाकटी