टी-शर्टावरची मराठी अक्षरं

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

टी-शर्टांवर मराठी शब्द छापायचे म्हणतेस, तर आधी फॉन्टचं बघू. गूगल फॉन्ट्सवर देवनागरीचे पुष्कळ आहेत, त्यातले माझ्या आवडीचे तीन सांगते. तिन्ही ओपन फॉन्ट लायसन्सचे. ती अक्षरं छापून शर्ट विकलेस तरी फॉन्टचे पैसे कोणाला द्यावे लागत नाहीत.

पहिला 'मोदक', मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा. अक्षरं इतकी गुबगुबीत, की आतली मोकळी जागा नुसत्या चिरेएवढी उरते. छातीवर पंचवीस सेंटिमीटर रुंदीत तीन-चार अक्षरी शब्द झकास दिसतो. तोच खिशावर बारीक छापलास की शाई पसरून चिरा बुजतात आणि 'भ' की 'म' कळत नाही. दुसरा 'मुक्ता', तोही त्यांचाच. त्याची सात वजनं, म्हणजे जाड-बारीक रूपं, आहेत. शर्टाला मीडियम किंवा सेमीबोल्ड घे. एक्स्ट्रालाइटची रेघ कापडाच्या विणीत तुटक उमटते. तिसरा 'टिरो देवनागरी मराठी', बोरूच्या वळणाचा. पुस्तकी आहे, त्यामुळे कवितेची ओळ वगैरे मोठ्या आकारातच शोभेल. याचीच हिंदी आणि संस्कृत अशी भावंडं आहेत, ती चुकून उतरवून घेऊ नकोस. आपल्याला पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' हवा. महाराष्ट्र शासनाच्या वर्णमालेबद्दलच्या २००९ च्या निर्णयातही हीच रूपं आहेत. हिंदी वळणाचा, दंडाचा 'ल' छापलेला मराठी शर्ट मला तरी परका वाटतो.

फॉन्ट त्याच्या नावाच्या नमुन्यावरून कधी निवडू नये, नमुना सगळ्यांचाच देखणा असतो. हे शब्द टाइप करून बघ: वऱ्हाड, कर्तृत्व, सर्वांत, लठ्ठ, ॲप. 'सर्वांत'मध्ये रफार आणि अनुस्वार एकाच कान्यावर येतात, तिथे एकमेकांना चिकटलेत का बघ. छापताना त्यांचा एकच ठिपका होतो. 'ॲप'चं पहिलं अक्षर फॉन्टात नसलं तर संगणक ते दुसऱ्या फॉन्टातून उसनं आणतो, आणि जाडीतला फरक लगेच डोळ्यांत खुपतो.

इलस्ट्रेटर या आरेखनाच्या प्रोग्रॅममध्ये 'कि'ची वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर पडली किंवा जोडाक्षरं हलन्त होऊन फुटली, तर फॉन्टला दोष देऊ नकोस. प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली इंडिक ऑप्शन्स सुरू कर आणि पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून साउथ एशियन कंपोझर निवड. ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर, शून्यावरच ठेव. इंग्रजीसारखी अक्षरं सुटी करायला गेलीस की शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. दोन ओळी असतील तर अंतर आकाराच्या दीडपट ठेव, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांत घुसतात.

काही शब्दांना कुठलाच फॉन्ट पुरत नाही. त्यासाठी कमल शेडगे यांनी केलेली मराठी नाटकांची शीर्षकं बघत जा. नाटकाचा स्वभाव अक्षराच्या वळणात कसा उतरवायचा, ते त्यांच्याइतकं क्वचितच कोणाला जमलं. नक्कल मात्र करू नकोस, शिरोरेषा कुठे तोडलीय, कुठे वाकवलीय एवढंच टिपून घे.

छापखान्यात फाइल देण्याआधी अक्षरांच्या आउटलाइन्स कर, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार होतात आणि फॉन्ट लागत नाही, कारण त्यांच्याकडे तुझा फॉन्ट असेलच असं नाही. पण तेवढ्यावर थांबू नकोस. देवनागरीत प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर किंचित चढलेली असते. भरीव काळ्या रंगात ते दिसत नाही. बाहेरून कड दिलीस की प्रत्येक सांध्यावर उभी रेघ उमटते. विनाइलच्या (प्लास्टिकच्या पातळ पत्र्याच्या) अक्षरांचे आकार कापून चिकटवणार असशील तर यंत्र त्या सांध्यावरही सुरी फिरवतं, आणि 'पाऊस'चे सुटे तुकडे हातात येतात. म्हणून पाथफाइंडरमधलं युनाइट वापरून सगळा शब्द एकसंध कर, मग कड दे.

आउटलाइन करण्याआधीची फाइल वेगळी जपून ठेव. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं नंतर कोणीतरी दाखवतंच, आणि आउटलाइनमध्ये वेलांटी बदलत बसणं हा शुद्ध ताप आहे. शंभर शर्टांची ऑर्डर देण्याआधी एक नमुना त्याच कापडावर, त्याच रंगावर काढून माग. गडद कापडावर पांढरी शाई बहुधा दोन हात लावावी लागते. दुसऱ्या हातात अनुस्वार किती फुगतो, ते बघ आणि मगच होकार दे.

तुझी,
आई