केमो चालू असतानाच दुखण्यावर पण इलाज करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्याकडे पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे दुखणं आणि आजाराचा बाकीचा त्रास कमी करायचा इलाज, म्हटलं की घरच्यांच्या पोटात गोळाच येतो, डॉक्टरांनी हात टेकले, आता घरी न्या असाच त्याचा अर्थ लावला जातो. आणि यात घरच्यांची काहीच चूक नाही कारण बऱ्याच ठिकाणी होतं पण तसंच, केमो झाली, रेडिएशन झालं, घरातला पैसा आटला की मग कुणीतरी पॅलिएटिव्ह केअरची चिठ्ठी लिहून देतं. माझं म्हणणं आहे की हा इलाज निदान झाल्यापासून केमोच्या बरोबरीने चालू झाला पाहिजे आणि त्याच हॉस्पिटलमध्ये.

माझ्या मावशीला गालाचा कॅन्सर होता. केमोच्या प्रत्येक वेळी फाईलमध्ये हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, क्रिएटिनिन, वजन सगळं व्यवस्थित लिहिलेलं असायचं, पण दुखतंय किती, झोप लागते का, घास गिळता येतो का हे त्या जाड फाईलमध्ये एका पानावर पण नव्हतं. बाई रात्रभर गालाला ओला पंचा धरून पलंगाच्या कडेला बसून असायची, आडवं झालं की ठणका वाढायचा. शेवटी ओळखीतून दुसऱ्या शहरातल्या पेन क्लिनिकला नेलं, तिथे तोंडाने घ्यायची मॉर्फिन दर चार तासांनी चालू केली, सोबत बद्धकोष्ठ होऊ नये म्हणून पहिल्या दिवसापासूनच पोट साफ व्हायचं औषध. त्याच आठवड्यात तिने स्वतःहून पातळ भात मागितला आणि पुढची केमो पण तिला झेपली. हे आधीच का नाही झालं याचा राग मला अजून येतो.

मॉर्फिन म्हटलं की लोक दचकतात, सवय लागेल, श्वास बंद पडेल वगैरे. जाणत्या डॉक्टरने थोड्या डोसपासून हळूहळू वाढवत दिली तर कॅन्सरच्या दुखण्यासाठी ती सुरक्षित आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 1986 मध्येच दुखणं कमी करायच्या औषधांच्या पायऱ्या ठरवून दिल्या, त्यात ती आहे. ती अफूपासून बनते आणि अफू तर आपल्याच देशात, मध्य प्रदेश-राजस्थानात कायदेशीर पिकते. अडचण होती 1985 च्या अमली पदार्थ कायद्याची, पण 2014 च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त हॉस्पिटलला ढीगभर लायसन्स लागत नाहीत. तरी आमच्याकडच्या हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये ती नव्हतीच.

कुणी म्हणेल आधी जीव वाचवू, दुखण्याचं नंतर बघू. 2010 साली बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचा अभ्यास छापून आला, फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेले 151 पेशंट, काहींना नेहमीची ट्रीटमेंट आणि काहींना तीच ट्रीटमेंट अधिक सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह टीम. या दुसऱ्या गटातले लोक मनाने कमी खचले, शेवटी त्यांच्यावर उपचारांचा मारा कमी झाला आणि तरी ते जास्त जगले, मध्यक (म्हणजे निम्मे लोक त्याहून जास्त जगले) 11.6 महिने, पहिल्या गटात 8.9.

आपल्याकडे माहिती नाही असं पण नाही. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटची सेवा करणारं वांद्र्याचं शांती अवेदना सदन 1986 पासून आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह सेंटर 1997 पासून, परळच्या टाटामध्ये तर या विषयाचा वेगळा विभाग आहे, तिथे एमडी पण करता येतं. केरळने कालिकतला 1993 मध्ये सुरुवात करून 2008 मध्ये सरकारी धोरणच आणलं, गावागावातले स्वयंसेवक घरी जाऊन पेशंट बघतात. पण विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या माणसाने ठणकत्या गालाने एसटीतून परळ गाठायचं का?

आरोग्य खात्याला विनंती आहे की जिथे जिथे केमो दिली जाते तिथे मॉर्फिन ठेवणं सक्तीचं करा, केमोच्या दिवशी नर्सने दुखणं, झोप, खाणं विचारून फाईलवर लिहायचं असा नियम करा, आणि रात्री त्रास वाढला तर घरच्यांनी फोन कुणाला करायचा तो नंबर डिस्चार्ज कार्डवर छापा.

एक वाचक, सोलापूर