पेन्सिलीनं लिहिलेल्या त्या दोन ओळींसाठी, गुरुजी...

आदरणीय गुरुजी,
सा.न.वि.वि.

तुम्हाला फोनवर नीट बोलताच आलं नाही, दोनदा केला आणि दोन्हीवेळा घसा भरून आला म्हणून "बरं ठेवते" म्हणून ठेवला. म्हणून हे लिहितेय. थोरल्या काकांना विचारूनच सगळ्यांसमोर लिहितेय, ते म्हणाले लिही की, त्यात लपवायचं काय हाय.

आमची आजी गेल्या वर्षी गेली, एकोणनव्वदाव्या वर्षी. शेवटचे दोनतीन आठवडे तिला माणसं ओळखू येत नव्हती पण एकच धोशा, "तानाक्का, पोराला दूध पाजलंय गं, तू नीज." आता ही तानाक्का कोण? घरात कुणाला माहीत नाही. आई म्हणाली म्हातारपणी असं होतं, काकू म्हणाली शेजारीण असेल माहेरची. माझ्या डोक्यातून मात्र ते जाईना.

आमच्याकडची नाती तुम्हाला सांगायला नकोत, तुम्ही त्याच भागातले. नदीच्या अल्याड आम्ही, पल्याड आजीचं माहेर, आणि चार-पाच पिढ्या पोरी इकडून तिकडं नि तिकडून इकडं. थोरल्या काकांना मामाची पोरगी केली, तिच्याच भावाला माझी आत्या दिली, सरळ साटंलोटं. त्यामुळं काकूच्या पोरांना माझी आत्या ही आत्यापण लागते आणि मामीपण, आणि आत्याच्या पोरांना काकू ही तशीच मामीपण आणि आत्यापण. लग्नात आहेर कुठल्या बाजूनं करायचा यावरून दरवेळी वाद. एवढं सगळं एकमेकांत गुंतलेलं असताना एक अख्खं माणूस गळून पडतं आणि पत्ता लागत नाही हे मला आधी खरंच वाटलं नसतं.

शोधायला लागले तर पहिला अनुभव भावकीचा. वंशावळ असा शब्द माझ्या तोंडून निघाला आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस शांतता. मग एका चुलतभावाचा फोन, "ताई, जमिनीचं काय मनात असेल तर सरळ बोल." लग्न झालेल्या पोरीनं माहेरच्या आज्या-पणज्यांची नावं विचारली की ती वाटणीच मागायला आली असणार! हक्कसोड करून मला बारा वर्षं झालीत हो, सही याच भावासमोर केलीय. एका ऑफिसात गेले तर तिथल्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं, सगळ्या वारसांच्या सह्या आणा, मग बघू. तानाक्काची सही कुठून आणू? आणि एकानं तर सात हजार घेतले आणि तलवारी-सूर्य छापलेली फ्रेम दिली, त्यात आम्ही थेट रामाच्या कुळातले. आजोबांच्या वडलांचं नाव मात्र चुकलेलं.

हेळवी तेवढा खरा निघाला. शहरातल्या काही घराण्यांचे छापील कुलवृत्तांत असतात म्हणे, आमच्याकडं सुगी झाली की कर्नाटकातून हेळवी येतो वही घेऊन, पायलीभर धान्य घेतो नि अंगणात बसून पिढ्या वाचतो. त्यानं सात पिढ्या घडाघडा म्हणून दाखवल्या. पण सगळे बाप्येच. याचा हा, त्याचा तो. मी म्हटलं बायका? तो हसला, म्हणाला बायकांचं कोण लिवतंय ताई.

मग कुणीतरी तुमचं नाव सांगितलं, की रविवारी वाचनालयात बसतात, मोडी वाचून देतात, पैसे घेत नाहीत. 2023 मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हापासून मोडी वाचणाऱ्यांना काय भाव आलाय ते मी बघितलं होतं, त्यामुळं पैसे घेत नाहीत यावर माझा विश्वास नव्हता. त्या शोधातच जुन्या कोतवाल बुकांची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवह्यांची, पानं स्कॅन झाली, त्यातलीच आमच्या गावची प्रिंट काढून मी आणली होती. सोबत तो चुलतभाऊ, "तुला एकटीला कशाला त्रास" म्हणून आलेला. तुम्ही ओळखलंच असेल तो कशासाठी आला होता ते.

बाकी सगळं विसरेन पण पुढची दहा मिनिटं नाही. टेबलाभोवती सात-आठ माणसं, प्रत्येकाला आपलं पान आधी वाचून हवंय. तुम्ही भिंग फिरवत होता, मोठ्यानं वाचत होता, अमक्याला मुलगा झाला, तमक्याला मुलगी झाली, पोरांची नावंच नसतात त्यात, फक्त बापाचं नाव. 1947 च्या नोव्हेंबरात आलात आणि थांबलात. पान उलटलंत, परत मागं आलात. मग भिंग खाली ठेवून मला हळूच विचारलंत, "तुमच्या आजींच्या गळ्यात चांदीचा टाक असायचा का हो?"

असायचा. आजोबा गेल्यावर आजीनं गळ्यातलं सगळं उतरवलं, तो टाक तेवढा काळ्या दोऱ्यात ओवून शेवटपर्यंत ठेवला. आम्ही पोरं विचारायचो तर म्हणायची, आक्का हाय ती. आम्हाला वाटायचं कुठलीतरी देवी. मी हो म्हटलं आणि तुमचा चेहरा बदलला. भाऊ लगेच पुढं वाकला, काय निघालं गुरुजी? तुम्ही त्याला म्हणालात, "अक्षर फार किचकट आहे, बघतो." एवढं आयुष्य मोडी वाचण्यात घालवलेला माणूस, आणि भर लोकांत म्हणाला मला लागत नाही. मग एका चिठोऱ्यावर काहीतरी लिहिलंत, चार घड्या केल्यात, माझ्या हातात दिलीत. "घरी जाऊन एकट्यानं वाचा. पेन्सिलीनं लिहिलंय, नको वाटलं तर खोडून टाका." आणि भावाला घेऊन चहाला गेलात! तो काय येत नव्हता, त्याचा दंडच धरलात तुम्ही.

घरी कसली पोचतेय, एसटी स्टँडवरच उघडली. पहिली ओळ, आजोबांना मुलगा झाला. दुसरी ओळ, नऊ दिवसांनी, तानूबाई, भ्रतार आजोबा, वय 17, बाळंतरोग.

तिथल्या बाकड्यावर बसून हळूहळू उलगडत गेलं सगळं. आजी तेव्हा बारा-तेरा वर्षांची. थोरल्या बहिणीच्या जागी धाकटी दिली, पोराला सावत्र आई नको म्हणून मावशीच दिली, तेव्हाची रीतच होती ती. आणि गेलेल्या सवतीचा टाक गळ्यात घालायची पण रीत. फक्त इथं सवत म्हणजे सख्खी बहीण होती. दोघी एकाच घरातल्या, त्यामुळं मामा तेच राहिले, आजोळ तेच राहिलं, पुढच्या सोयरिकी त्याच घराशी झाल्या, मांडणीत कुठं फट म्हणून दिसलीच नाही. आजी पितृपक्षात अविधवा नवमीला, म्हणजे नवऱ्याआधी गेलेल्या बायकांच्या दिवशी, सवाष्ण जेवायला घालायची, खण द्यायची, आजोबा गेल्यावरही सोडलं नाही, आम्हाला वाटायचं सासूसाठी करतेय. पंचाहत्तर वर्षं तिनं बहीण गळ्यात घालून ठेवली आणि आमच्यातल्या एकानंही धड विचारलं नाही.

थोरले काका त्याच नोव्हेंबरातले. दाखल्यावर त्यांची जन्मतारीख 1 जून, अर्ध्या गावाची असते तशी. तुम्ही ते तिथं मोठ्यानं वाचलं असतं ना गुरुजी, तर संध्याकाळपर्यंत आमच्या भावकीत थोरले काका "सावत्र" झाले असते. बांधावरून आधीच धुसफूस आहे. सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाला हे पारावर कुणाच्या तरी तोंडून कळलं असतं. तुम्हाला आमचं काहीच माहीत नव्हतं, तरी एवढं कळलं तुम्हाला. आणि आमच्या रक्ताच्यांना माझ्या प्रश्नात सातबाराच दिसला. शिकण्यानं येतं का हे, का असतंच काही माणसांत? माझ्या ओळखीत पुष्कळ शिकलेले आहेत, त्यांच्यात नाही बघितलं.

चार दिवस चिठ्ठी पर्समध्ये होती. मग काकांना एकट्यांना गाठून दिली. चष्मा लावून वाचली, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "म्हंजे तानाक्का माझी मावशी." मी म्हटलं काका, उलटं, ती आई. तर म्हणाले, "न्हाई. जी गेली ती मावशी. आई आपली आईच." आणि तारीख मात्र दोनदा विचारून घेतली, नातवाला सांगून मोबाईलमध्ये घालून ठेवलीय.

मी दिलेलं पैशांचं पाकीट तुम्ही परत पाठवलंत ते मिळालं. राग नाही, पण यंदा अविधवा नवमीला तुमच्या घरच्या काकूंना घेऊन जेवायला यायचं, सवाष्ण म्हणून मान त्यांचाच. थोरल्या काकांनी सांगितलंय, टाक आता त्यांच्या देव्हाऱ्यात आहे. गाडी पाठवते, एसटीनं येऊ नका, पुलावर खड्डे फार झालेत.

आणि तुमची ती मागं रबर असलेली पेन्सिल गडबडीत माझ्याच पर्समध्ये आलीय. जेवायला याल तेव्हा देते.

तुमची,
नदीपल्याडच्या तानूबाईची नात