चावी लपवू नको भो

प्रिय दिन्या,

काय भो, तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. नानांनी परत गाडी ठोकली, ती पण घराच्याच फाटकाला, आणि तू आता पुण्याहून येऊन चावीच घेऊन जाणार म्हणतोस. थांब जरा. हे मी करून बसलोय आणि चांगला तोंडावर आपटलोय, म्हणून हे लांबलचक पुराण.

आमच्या आप्पांचं आधी कोणाच्या लक्षातच आलं नाही रे. गाडीला डाव्या बाजूने ओरखडे, बस. आप्पा म्हणायचे गल्लीतली पोरं सायकली घासतात. एकदा मी बाजूला बसलो तर डावा आरसा मिटलेला. कधीतरी गल्लीत शिरताना मिटला तो परत उघडलाच नाही, महिनाभर तरी झाला असेल. रिव्हर्सला मान वळत नाही म्हणून अख्खे खांद्यातून वळायचे, तेही अर्धंच, बाकी मागचा माणूस ओरडेल या भरवशावर.

मग ती संध्याकाळ. पारोळ्याहून अमळनेरला येत होतो, कापसाचा सीझन, अंधार पडत आलेला आणि रस्त्यावर कापसाची ट्रॉली उभी, मागे ना लाइट ना रेडियम. समोरून ट्रक, अप्पर मारून. मी ओरडलो आप्पा ट्रॉली, तेव्हा कुठे ब्रेक लागला. बोनेट आणि ट्रॉलीत हातभर जागा. कापसाचा एक पुंजका उडून वायपरवर बसला, दोघं तिकडेच बघत राहिलो. मग आप्पा म्हणे, "तिले दिवाच नही." तेही खरंच होतं म्हणा.

दुसऱ्या दिवशी मी चावी पिठाच्या डब्यामागे लपवली. आप्पा चार दिवस बोलले नाहीत आणि पाचव्या दिवशी शेजाऱ्याची मोटरसायकल मागून शेतात गेले! ७६ वय, पायात चप्पल, हेल्मेट नाही. मी भांडलो तर एवढंच म्हणाले, "मले शेतात कोन लई जाई?" माझ्याकडे उत्तर नव्हतं भो. ते जाणार कसे हा विचारच मी केला नव्हता.

शेवटी चष्म्याचा नंबर बघू म्हणून धुळ्याला नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरांनी नीट सांगितलं, वय वाढतं तशी डोळ्याची बाहुली लहान राहते, अंधारात उजेड आत कमी जातो, त्यात मोतीबिंदू असला की समोरचा लाइट फुटून पसरतो. दिवसा बरं दिसतं म्हणून माणसाला वाटतं आपलं सगळं ठीक आहे. काचबिंदूची तपासणी पण केली, त्यात बाजूचं दिसणं हळूहळू जातं आणि कळत नाही. नानांची ती नक्की करून घे. शुगरच्या आणि सर्दीच्या गोळ्या कोणत्या चालू आहेत तेही डॉक्टरांना दाखव, काहींनी गुंगी येते, शुगर एकदम उतरली तर आणखी वाईट.

लायसन्सवर जाऊ नको. ५५ नंतर ५-५ वर्षांनी रिन्यू होतं, फॉर्म १-ए वर डॉक्टरची सही लागते, वयाची वरची मर्यादा काही नाही. आप्पांच्या फॉर्मवर मागच्या वेळी एकाने मान वर न करता सही ठोकली होती.

दोन्ही ऑपरेशनं झाली, डॉक्टर हो म्हणाले तेव्हाच गाडीला हात लावला. आणि नियम आप्पांनीच केले हं, मी नाही. दिवस मावळायच्या आत घरी, फक्त शेत आणि गाव, सहा नंबर हायवे (आता ५३ नंबर) बंद. मी म्हटलं असतं तर एक पाळला नसता.

धुळ्याला आता एसटीने जातात. ७५ च्या वर फुकट आहे ना २०२२ पासून. नाना ७३ चे, म्हणजे त्यांना अर्धं तिकीट, सांगून बघ. पैशापेक्षा त्यात मान वाटतो या लोकांना, कंडक्टरला आधार कार्ड असं दाखवतात जसं काही पासपोर्टच.

परवा आले तर घरात पाय ठेवल्यापासून जेवण होईस्तोवर एकच, ड्रायव्हरने कुठे कुठे चुकीचा ओव्हरटेक मारला. आई म्हणे, आता त्याची चावी लपवा.

ये लवकर, भरताची वांगी आलीत.

तुझा,
बाळ्या