वजन उतरलं, पण कुठून?

कोपनहेगन

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर मधुमेहाचा आणि वजनाचा विषय निघाला की बाबा "बरं बरं, बघू" म्हणतात आणि आई लगेच फोडणीकडे वळते. म्हणून यावेळी सविस्तर लिहिते आहे. पत्र मोठं झालंय, पण सावकाश का होईना, दोघांनी बसून वाचा.

बाबा, रिपोर्ट मिळाला. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी शुगर, ८.१ वरून ७.२ वर आलं, ही चांगलीच गोष्ट आहे. वजनही ७२ वरून ६५ वर उतरलं. सोसायटीत सगळे कौतुक करतात आणि दवाखान्यातही शाबासकी मिळाली. मला मात्र त्या सात किलोंची काळजी लागून राहिली आहे, कारण ते अंगातून नेमके कुठून गेले ते कोणी बघितलंच नाही. आई म्हणाली, पट्ट्याचं भोक जेमतेम एक सरकलं. म्हणजे पोट जवळपास तिथंच आहे. आणि गणपतीत मी आले होते तेव्हा आरतीनंतर तुम्ही जमिनीवरून उठताना आधी सोफ्याची कड धरलीत, मग आईचा खांदा. गुडघा दुखायला लागायच्या आधी पर्वतीच्या १०३ पायऱ्या न थांबता चढणारे तुम्ही!

चालणं बंद करून नुसतं जेवण तोडलं, की चरबीबरोबर स्नायूही जातो. उतरलेल्या वजनातला साधारण पाव हिस्सा तरी स्नायूंचा असतो, आणि उतारवयात, पोटात प्रथिनं कमी जात असतील तर त्याहून जास्त. तुम्ही रात्री सूप आणि काकडीवर राहता. संध्याकाळचं फिरणं गुडघ्यामुळे सुटलं. शुगर खाली आली खरी, पण ज्याच्या जोरावर ती पुढची वीस वर्षं खाली राहायची, तेच आपण खर्च करत चाललोय असं मला वाटतं.

मी इथे दिवसभर काय करते ते तुम्ही नेहमी विचारता आणि मी नेहमी थोडक्यात उरकते. आज नीट सांगते. आमच्याकडे साठी-सत्तरीची माणसं स्वखुशीने प्रयोगात भाग घ्यायला येतात. मांडीची जागा बधिर करून, जाडसर सुईने स्नायूचा एक छोटा तुकडा काढतात, तांदळाच्या चार-पाच दाण्यांएवढा. तो काही सेकंदांत द्रव नायट्रोजनमध्ये टाकायचा, नाहीतर आतल्या रेणूंची स्थिती बदलते. त्या तुकड्यात साखर किती साठली आहे, इन्शुलिनचा निरोप आतपर्यंत पोचतो का, पोचत नसेल तर वाटेत कुठे अडतो, हे मी शोधते.

हे सगळं स्नायूतच का शोधायचं? आपल्या सगळ्या रक्तात मिळून एका वेळी ग्लुकोज असतं जेमतेम चार-पाच ग्रॅम, चहाच्या चमच्याएवढं. उलट स्नायूंमध्ये ग्लायकोजेनच्या रूपात चारशे ग्रॅमच्या आसपास साठा राहतो. शिरेतून इन्शुलिन देऊन मोजलं, तर रक्तातून उचलल्या जाणाऱ्या ग्लुकोजपैकी ७० ते ८० टक्के स्नायूच उचलतात. मधुमेह म्हटला की आपल्या घरी स्वादुपिंड, गोळ्या आणि श्रीखंड एवढ्यावरच बोलणं होतं. मांड्यांचं नाव कोणी काढत नाही.

आता माझ्या सगळ्यात आवडीचा भाग. स्नायूच्या पेशीत ग्लूट-४ नावाची प्रथिनं आत दडून असतात. ती पृष्ठभागावर आली की ग्लुकोज आत जातं. इन्शुलिन त्यांना वर बोलावतं. टाइप २ मधुमेहात नेमकी हीच हाक ऐकू जाईनाशी होते. पण स्नायू आकुंचन पावला, म्हणजे तुम्ही जिना चढलात, खुर्चीतून उठलात, की हीच प्रथिनं दुसऱ्या मार्गाने वर येतात आणि त्या मार्गाला इन्शुलिनची गरज लागत नाही. म्हणून मधुमेह कितीही जुना असला तरी हा मार्ग बहुतेक शाबूत असतो. बाबा, तुमच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त आशा याच गोष्टीची आहे.

दुसरी गोष्ट, व्यायाम थांबल्यावरही परिणाम उरतो. इथे १९८० च्या दशकात एक सुंदर प्रयोग झाला होता. माणसाला तासभर एकाच पायाने व्यायाम करायला लावला आणि दुसरा पाय तसाच ठेवला. काही तासांनी इन्शुलिन देऊन दोन्ही पायांनी किती ग्लुकोज घेतलं ते मोजलं. रक्त तेच, इन्शुलिन तेच, आणि काम केलेला पाय जास्त ग्लुकोज घेत होता! त्याआधी १९६६ मध्ये स्टॉकहोमच्या जोनास बर्गस्ट्रोम आणि एरिक हल्टमन यांनी स्वतःवरच असा प्रयोग केला होता. एकाच सायकलच्या दोन बाजूंना दोघं बसले आणि प्रत्येकाने एकेका पायाने पॅडल मारलं. पुढचे दिवस भरपूर पिठूळ आहार घेतल्यावर काम केलेल्या पायात ग्लायकोजेनचा साठा दुसऱ्यापेक्षा कितीतरी वाढला. म्हणजे फायदा त्याच स्नायूला, ज्याने काम केलं. हा परिणाम एक-दोन दिवस टिकतो आणि मग ओसरतो. म्हणूनच मधुमेह असलेल्यांनी लागोपाठ दोन दिवसांहून जास्त खाडा करू नये असं सांगतात. रविवारी एकदम सिंहगड आणि आठवडाभर सोफा, याने काम होत नाही.

मी ज्या इमारतीत काम करते तिला ऑगस्ट क्रोग यांचं नाव आहे. स्नायूंमधल्या केशवाहिन्या कामाच्या वेळी कशा उघडतात, या कामासाठी त्यांना १९२० चं नोबेल मिळालं. त्यांच्या पत्नी मारी स्वतः डॉक्टर होत्या आणि त्यांना मधुमेह होता. १९२२ मध्ये क्रोग टोरंटोला जाऊन इन्शुलिन बनवायची परवानगी घेऊन आले, आणि डेन्मार्कमध्ये ते तयार व्हायला लागलं. एकाच घरात स्नायूंचं संशोधन आणि मधुमेह, दोन्ही. सकाळी आत शिरताना मला मारीबाईंची आठवण होते.

पण खरं सांगू, या विषयातलं सर्वात महत्त्वाचं काम आपल्या पुण्यातलं आहे. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा एकत्र फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. तराजूवर दोघं सारखे, आत सगळं वेगळं. पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये १९९३ पासून चाललेल्या याज्ञिकांच्या अभ्यासात तर हे जन्मापासूनच दिसलं. बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. कमी पडलं ते मुख्यतः स्नायूंचं वजन. चरबी त्या मानाने टिकून होती. बाबा, आपली मुळात जमाच कमी आहे. त्यातून काढून वजन उतरवणं आपल्याला परवडत नाही.

आई, आता तू. "मला कुठे शुगर आहे" म्हणतेस, पण तुझं एचबीएवनसी ६.० म्हणजे मधुमेहाचा उंबरठाच आहे. तू बारीक आहेस म्हणून सगळे निश्चिंत असतात. तुझे दंड बघून मला झोप येत नाही. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं जेवतेस, त्यात डाळीचं नुसतं वरचं पाणी. गुरुवार, चतुर्थी, एकादशी, आणि उपासाला साबुदाणा. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच. उपास सोड असं मी म्हणणार नाही, पण त्या दिवशी दही, दूध, दाणे, पनीर पोटात जाऊ दे. आणि बाबांना तुझ्याबरोबर उपाशी ठेवू नकोस. त्यांची ग्लिमेपिराइडची गोळी रिकाम्या पोटी शुगर धोकादायक खाली नेऊ शकते.

उतारवयात वजनाच्या किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. बाबांना म्हणजे ६५ ते ७८ ग्रॅम. दोन पोळ्या, एक वाटी वरण आणि पातळ ताक यांत निम्मीसुद्धा भरत नाहीत. वाटीभर घट्ट वरणातून सहा-सात ग्रॅम मिळतात, एका अंड्यातून सहा. रात्री सूपऐवजी मटकीची उसळ नाहीतर पिठलं, सकाळी पोह्यांबरोबर अंडं. आधी क्रिएटिनिनचा रिपोर्ट दाखवून डॉक्टरांना विचारा. मूत्रपिंडाला त्रास असेल तर हे आकडे बदलतात.

आणि व्यायाम. गुडघा दुखतो म्हणून बसून राहणं हा गुडघ्यावरचा उपाय नाही. मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार कमी होतो. पहिला महिना फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली करा, पैशांचा विचार करू नका. खुर्चीतून हात न लावता उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून दंड, ओट्याला धरून टाचा उचलणं. आई, ते तर कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत होईल. सोपं वाटायला लागलं की हातात पाण्याची बाटली घ्यायची, मग दोन. वजन वाढवत नेणं महत्त्वाचं आहे, नाहीतर स्नायू आहे तिथंच राहतो. श्वास रोखायचा नाही. बाबा, डोळ्यांचा पडदा तपासून झाल्याशिवाय जड वजन उचलू नका, अनवाणी चालू नका, आणि खिशात साखरेची पुडी हवीच. शुगर ७० च्या खाली आली तर आधी ती खायची. दोन्ही जेवणांनंतर पार्किंगमध्ये दहा-पंधरा मिनिटं शतपावली, दोघांनी मिळून. जेवणानंतर चढणारी शुगर त्याने लगेच कमी चढते.

"आता या वयात काय होणार" हे वाक्य मला ऐकायचं नाही. १९९० मध्ये बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या, सरासरी ९० वर्षांच्या माणसांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं होतं. त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि मांडीचा स्नायू ९ टक्के. बाबा तर ७१ चे आहेत.

आता एक काम. जेवणाची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीशी बांधून पाच वेळा पूर्ण उठायचं आणि बसायचं, दुसऱ्याने घड्याळ लावायचं. आशियाई लोकांसाठी बारा सेकंदांची मर्यादा मानतात, त्याहून जास्त लागले तर स्नायू कमी पडतायत. तोल जाईल असं वाटलं तर करू नका, तेही मला कळवा. दोघांचे सेकंद वेगवेगळे लिहून ठेवा आणि रविवारी सांगा.

तुमची,
मनू

ता. क. बाबांची मेटफॉर्मिन इतकी वर्षं चालू आहे, त्याने बी-१२ कमी होतं. आणि आपलं जेवण बहुतेक शाकाहारी. पुढच्या वेळी रक्त द्याल तेव्हा दोघांचंही बी-१२ तपासून घ्या. डॉक्टरांनी लिहून दिलं नाही तर आपणहून विचारा.