कोलबर्गच्या तक्त्यात मुली कुठेत?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या शैक्षणिक पानावर टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) देणाऱ्यांसाठी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्गचा, बरं-वाईट ठरवायची माणसाची समज कशी वाढते ते सांगणारा नैतिक विकासाचा तक्ता आलाय, तीन पातळ्या, सहा टप्पे, एकदम सुटसुटीत, पोरांनी लगेच फोटो काढून ग्रुपवर फिरवला पण. मी बरीच वर्षं डीएडला बालमानसशास्त्र शिकवलं, आता घरीच काही मुलामुलींची तयारी करून घेते, त्यामुळे राहवलं नाही. हा सगळा डोलारा ज्यांच्या उत्तरांवर उभा राहिला त्यात एकही मुलगी नव्हती, हे त्या तक्त्यात कुठेच नाही. गाइडातही नसतं.

कोलबर्गचा १९५८ चा पीएचडीचा प्रबंध, शिकागो, वय १०, १३ आणि १६, एकूण ७२ जण, सगळे मुलगे. त्यांच्याच बोलण्यावरून पायऱ्या ठरल्या आणि पुढची वीस वर्षं त्यातल्याच बऱ्याच जणांना पुन्हा पुन्हा भेटून त्या पक्क्या केल्या. यात लपवाछपवी काही नव्हती म्हणा, तेव्हा तिकडे मुलग्यांना विचारून "माणूस असा वाढतो" लिहिलं तर कुणाला फारसं खटकायचं नाही. घोळ पुढे झाला. तीच पट्टी बायकांना लावली तर त्या बऱ्याचदा तिसऱ्या टप्प्यावर अडकलेल्या दिसल्या, म्हणजे 'लोकांनी चांगलं म्हणावं' वाला टप्पा, आणि पुरुष चौथ्यावर, कायदा-सुव्यवस्थेच्या. आता पट्टीच तपासायला नको का? पण नाही, निष्कर्ष काय तर गृहिणीला तिसरा टप्पा पुरतो, पुरुषांच्या जगात वावरायला लागल्या की चढतील वर!

हार्वर्डमध्ये कोलबर्गसोबतच काम केलेल्या मानसशास्त्रज्ञ कॅरल गिलिगनने हे १९८२ च्या पुस्तकात उघडं पाडलं. त्यातली जेक आणि एमीची गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगायचे. दोघं ११ वर्षांची, एकाच वर्गातली, दोघं हुशार (आणि एमीला शास्त्रज्ञ व्हायचंय, जेकला गणितापेक्षा इंग्लिश आवडतं, हे गाइडवाले कधी सांगत नाहीत). प्रश्न कोलबर्गचा नेहमीचाच, हाइन्झ नावाच्या माणसाची बायको मरणाला टेकलीय, औषधवाला किंमत कमी करत नाही, चोरी करावी का. जेक फटकन म्हणाला करावी, जीव पैशापेक्षा मोठा. एमी म्हणाली चोरी नको, पण बायकोही मरायला नको, कर्ज काढता येईल, बसून बोलता येईल, आणि समजा चोरी केली, तो जेलात गेला आणि ती परत आजारी पडली तर औषध कोण आणणार? आता मला सांगा यात कच्चं काय आहे? विचारणारा तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारत राहिला, पोरगी गडबडली, आणि मार्क जेकपेक्षा एक अख्खा टप्पा कमी. म्हणजे परीक्षकाच्या कागदावर 'करावी की करू नये' एवढेच रकाने, आणि तिने तर प्रश्नच वेगळा घेतला होता. गिलिगनचं म्हणणं हेच, की कोलबर्गची पट्टी न्याय आणि हक्क मोजते, नाती आणि काळजी यांतून केलेला विचार तिच्यात बसत नाही.

पण इथेच थांबलं तर दुसरा घोळ होतो आणि तो हल्लीच्या नोट्समध्ये सर्रास दिसतो : 'कोलबर्ग = न्याय = पुरुष, गिलिगन = काळजी = स्त्रिया', टिक करा आणि पुढे जा. अहो, तेही टिकलेलं नाही. १९८४ मध्ये लॉरेन्स वॉकर या संशोधकाने तोवरचे अभ्यास तपासले तर शिक्षण आणि नोकरी सारखी धरली की स्त्री-पुरुष फरक जवळपास उरतच नाही, आणि २००० मध्ये जॅफी आणि हाइड यांनी शंभरावर अभ्यास एकत्र केले तेव्हाही फरक अगदी किरकोळ निघाला. माझ्या वर्गात तर "मेडिकलवाल्याला हप्ते करून द्या म्हणावं, नाहीतर गावातून वर्गणी काढू" हे उत्तर एका मुलाने दिलं होतं, आणि "सरळ चोरी करावी मॅडम, बघत काय बसायचं" म्हणणारी मुलगी होती. बायकांना आधी मागासलेल्या म्हणायचं, मग जन्मजात मायाळू म्हणायचं, पट्टी बदलली, साचा राहिलाच ना.

हे एकट्या कोलबर्गचंही नाही. १९७० मध्ये ब्रोव्हरमन आणि सहकाऱ्यांनी ७९ मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ वगैरेंना विचारलं, निरोगी पुरुष कसा, निरोगी स्त्री कशी, आणि नुसता निरोगी प्रौढ माणूस कसा. प्रौढ माणसाचं वर्णन पुरुषाशी जुळलं, निरोगी बाई मात्र जास्त पडतं घेणारी, कमी स्वतंत्र, लवकर भावनेच्या भरात जाणारी. उत्तरं देणाऱ्यांत ३३ बायका होत्या बरं का, त्यांचंही मत तेच.

सीटीईटीच्या (केंद्राच्या शिक्षक पात्रता परीक्षेच्या) अभ्यासक्रमात पियाजे, कोलबर्ग, वायगॉटस्की या मानसशास्त्रज्ञांच्या नावांपुढे त्यांची चिकित्साही करायची असं स्पष्ट लिहिलंय, आणि लिंगभाव व लिंगभेद हा मुद्दाही त्याच यादीत आहे. मग दोन्ही वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या पानावर का पाठ करायचं? हीच मुलं उद्या चौथी-पाचवीला शिकवणार, आणि भांडण मिटवायला बघणाऱ्या पोरीला 'ठाम मत नाही' असा शेरा देणार.

तेव्हा पुढच्या वेळी तक्ता छापाल तेव्हा खाली तीन ओळी टाका : कुणाला विचारून केला, गिलिगनचा आक्षेप काय, आणि त्या आक्षेपाचं पुढे काय झालं. जागा नसेल तर सहाव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या टप्प्याची ओळ काढली तरी चालेल, तिथे पोचलेली माणसं सापडेनात म्हणून खुद्द कोलबर्गनेच नंतर तो मोजायचं सोडलं होतं.

आपली,
एक निवृत्त अध्यापिका, मिरज